बेचाळीस मिली

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे मिलीताई म्हणतात. हे तिचं खरं नाव नाही. खरं नाव पगारपत्रकात आहे आणि तिथे ते सुखरूप आहे. मिलीताई हे नाव पडलं तिच्या प्रश्नावरून. बाळ दूध प्यालं, असं कोणा आईने कौतुकाने सांगितलं की ही विचारणार, "किती मिली?" उलटी झाली, तर किती मिली? एकदा वॉर्डाच्या छतातून पाणी गळायला लागलं. सफाईच्या मावशी धावत सांगायला आल्या, "ताई, पाणी ठिबकतंय हो!" आणि हिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तासाला किती?"

वय बावन्न, नोकरी सत्तावीस वर्षं. वॉर्डात तिच्या वाट्याची एक खुर्ची आहे, पण तिच्यावर फायली बसतात. मिलीताईला बसलेलं पाहिल्याचं कोणाला आठवत नाही. घरीही तेच. नवरा पुस्तकबांधणीचं काम करतो, तासन्‌तास एका जागी बसून. या दोघांचं लग्न टिकलं ते बहुधा यामुळेच, की घरात एकच खुर्ची पुरते. त्याला पूर्वी मुतखडा झाला होता, तेव्हापासून त्याच्या पाण्याच्या तांब्यावर बायकोने शाईने रेघा मारून ठेवल्या आहेत. "मी नवरा आहे की पलंग नंबर बारा?" असं तो महिन्यातून एकदा विचारतो. उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या रेघेपर्यंत पाणी पितो.

आजारी मुलांच्या बाबतीत लघवी ही किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. ताप दिसतो, धाप ऐकू येते, झटका आला तर सगळा वॉर्ड धावतो. मूत्रपिंडाचं तसं नाही. ते संप करतं तेव्हाही घोषणा देत नाही. फक्त माल बाहेर यायचा थांबतो. आणि तो थांबला आहे हे कळायला कोणीतरी दाराशी उभं राहून मोजत असावं लागतं.

मोजण्यासाठी प्रत्येक पलंगाला एक तक्ता असतो. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. डावी बाजू भरायला सोपी, कारण सलाईनच्या बाटलीवर आकडे छापलेले असतात. उजव्या बाजूला आकडा यायला हवा, पण येतो एक शब्द: झाली. सकाळची नर्स लिहिते 'झाली', दुपारची वरच्या ओळीकडे बघते आणि लिहिते 'झाली', तिसरी तर वर बघतही नाही. या शब्दाला वजन नसतं, वास नसतो, आणि तो कधी चुकत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मुलाच्या तक्त्यावर ओळीने पाच वेळा 'झाली' लिहिलेलं होतं. चौथी ओळ मिलीताईच्या अक्षरात होती. त्या मुलाला दोन दिवस लघवी झालेलीच नव्हती. तो वाचला. मोठ्या इस्पितळात गेला, पुढे आईची एक किडनी त्याला बसवली. ती आई अजून कधीतरी बाजारात भेटते आणि मिलीताईचा हात धरून म्हणते, "तुम्ही किती मायेनं केलंत हो त्याचं!" मिलीताई त्या दिवशी भाजी न घेता घरी येते.

तर, ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी सात वाजता रात्रीची नर्स पाळी सोपवत होती. वय तेवीस, डोळे अर्धे मिटलेले.

"पलंग सहा. मुलगी, दोन वर्षं, दहा किलो. तीन दिवस जुलाब-उलट्या, काल संध्याकाळी आलीय. सलाईन चालू. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. लघवी पाच वेळा."

"पाच वेळा म्हणजे किती?"

"ताई, पाच डायपर ओले निघाले."

"वजन केलंस?"

"काट्याचे सेल संपलेत."

काट्याचे सेल संपले नव्हते. ते नर्सेसच्या खोलीतल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते, कारण परवा मालिकेत कोणाचं तरी लग्न होतं. मिलीताईने रिमोट उघडला, सेल काढले आणि काट्यात घातले. लग्न एव्हाना लागलं असावं.

सहा नंबरच्या पलंगावर मुलगी पडली होती. घरचे तिला भिंगरी म्हणत. आई शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी. ती पलंगाच्या कडेला टेकून म्हणाली, "एरवी ही दोन मिनिटं एका जागी राहत नाही हो. बघा ना आता कशी झालीय." भिंगरी डोळे अर्धवट उघडून छताकडे बघत होती. ओठ कोरडे, तळपाय गार. कोणी हात लावला तरी तक्रार नाही. मुलांच्या वॉर्डात रडणाऱ्या मुलाची कोणी काळजी करत नाही. गप्प मुलाकडे मात्र मिलीताई दोनदा बघते.

तिने डायपर उघडला. तो चांगला जड होता. पण जडपणा मागच्या बाजूला, आणि सगळा पाण्यासारख्या जुलाबाचा. पुढचा भाग कशाने भिजलाय ते सांगता येईना. तिने डायपर बदलला, नव्यात पुढच्या बाजूला कापसाचा एक मोठा बोळा ठेवला आणि घड्याळ बघितलं. दोन तासांत तिने इतर अकरा पलंगांचं सगळं केलं आणि सहाव्याशी सात वेळा जाऊन आली.

सव्वानऊला डायपर पुन्हा ओला झाला होता. कापूस कोरडा होता.

राउंडवर आलेल्या डॉक्टरीणबाई वयाने तिच्या भाचीएवढ्या. मिलीताईने तो कापसाचा बोळा त्यांच्यासमोर धरला.

"हे काय, ताई?"

"हे मॅडम, पाच वेळा झालेली लघवी."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट काढला. "पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना. शून्य पॉइंट नऊ. एक पॉइंट दोनपर्यंत चालतं, इथे छापलंयच की." मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात साचत जाणारं जे द्रव्य, त्याचा हा आकडा.

"छापलंय खरं. पण कोणासाठी छापलंय?"

डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांचे कान लाल झाले. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती. भिंगरीचे वडील बसड्रायव्हर होते, त्यांना ती अगदी मापात बसली असती. दोन वर्षांच्या मुलीच्या अंगात मुळात मांस ते किती, तिचा आकडा याच्या तिसऱ्या हिश्शात असायला हवा. तीन महिन्यांपूर्वी भिंगरी खोकल्यासाठी इथेच आली होती, तेव्हाची फाईल निघाली. तेव्हा होता शून्य पॉइंट तीन.

"तिप्पट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिप्पट झालाय आणि आपण त्याच्यावर 'नॉर्मल' लिहिलं."

"तक्त्यावरही पाचदा 'झाली' लिहिलंय. दोन्ही कागदांचं छान जमलं होतं."

डॉक्टरीणबाई हुशार होत्या, म्हणजे असं की रागावण्यात वेळ घालवला नाही. लघवीसाठी नळी घालायची ठरली. सगळ्यात लहान मापाची नळी भांडारात नव्हती. ती गेल्या महिन्यात मागवली होती आणि मागवल्याची नोंद व्यवस्थित होती. शेवटी बाळांना नाकातून दूध द्यायची बारीक नळी घातली आणि चिकटपट्टीने मांडीला चिकटवली. चार मिली आलं, कडक चहाच्या रंगाचं.

"आधी बघू, कोरडी पडलीय म्हणून थांबलीय की आतून बिघडलंय," डॉक्टरीणबाई जरा स्वतःशी, जरा मिलीताईशी बोलत होत्या. "दोनशे मिली भराभर जाऊ द्या. मग छाती ऐकायची. बाहेर येत नसताना नुसतं ओतत राहिलो तर ते फुप्फुसात साचेल. आणि ही बाटली काढा, हिच्यात पोटॅशियम आहे. ईसीजीची पट्टीही काढून घेऊ. आणखी काय औषधं चाललीत?"

"आपली तीन. घरची विचारते."

घरची विचारायची मिलीताईची एक पद्धत होती. 'कोणतं औषध दिलं?' असं विचारलं की आईबाप म्हणतात, साधं तापाचं. म्हणून ती म्हणायची, "पिशवी दाखवा."

वडील तेवढ्यात ड्यूटीवरून आले होते, खाकी सदरा अंगावर तसाच. आईने पिशवी उलटी केली. डबा, टॉवेल, एक कापडी ससा आणि गुलाबी औषधाची बाटली. ताप आणि वेदनेवरचं औषध. धडधाकट मुलाला बरं, पण जुलाबाने सुकलेल्या मुलाच्या मूत्रपिंडावर हे औषध म्हणजे आधीच बारीक केलेला नळ आणखी पिरगाळणं.

"हे किती वेळा दिलं?"

"तीनदा. बाटलीवर लिहिलंय तसं," आई म्हणाली.

"हो, तीनदाच," वडील म्हणाले. "सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि—"

आईने मान वळवली. "दोनला? दोनला तुम्ही कुठून दिलंत? मी देते ना. दहाला, सहाला आणि झोपताना."

"मग मला काय माहीत तू देतेस! तू कारखान्यात, पोरगी माझ्याकडे, अंगात ताप. देणारच ना!"

"दारात पोरगी घेताना एकदा तरी विचारलंत? नुसतं 'पळ, तुझी बस चुकेल'!"

"आणि तू सांगितलंस? तू तर चप्पल घालता घालता—"

दोघांच्या पाळ्या उलट्या होत्या. रोज दारात मूल हातातून हातात जायचं, वर दोन वाक्यं, त्यातलं एक किल्लीबद्दल. तीन दिवस दोघांनी काळजीने, नेमाने, घड्याळ लावून, रोज एकूण सहा वेळा औषध दिलं होतं. शेवटचा चमचा आईने इथेच, वॉर्डात, आज पहाटे भरवला होता.

आई रडायला लागली. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आता ही बाई झापणार असं दोघांनाही वाटत असावं. पण मिलीताईसमोर पाच ओळींचा एक जुना तक्ता उभा होता, आणि त्यातली चौथी ओळ तिला वाचता येत होती.

"हे बघा," ती म्हणाली, "भांडण घरी जाऊन करा, तिथे जागा आहे. ही बाटली आता माझ्याकडे राहील. आणि हा कागद-पेन घ्या. तिच्या तोंडात एक चमचा पाणी गेलं तरी लिहायचं. तुम्ही सांगायचं, त्यांनी लिहायचं. एकट्याने कोणी काही करायचं नाही."

"घरी गेल्यावर पण?" वडिलांनी विचारलं.

"घरी गेल्यावर तर नक्कीच."

घरी जाणार, हे तिने गृहीत धरलं होतं. वडिलांनी ते हळूच उचललं आणि कागदावर पहिली ओळ आखली.

दोनशे मिली गेलं. भिंगरीचे तळपाय कोमट झाले, छाती स्वच्छ होती. पण नळीतून बाराला तीन मिली, साडेबाराला तेही नाही. तासाला निदान पाच तरी यावं, दहा आलं तर उत्तम. साडेबारालाच भिंगरीने या सगळ्या प्रकाराला पहिल्यांदा हरकत घेतली. पाय झाडला, आणि चिकटपट्टी, नळी, जुलाब सगळं एकत्र बाहेर आलं. पाय झाडला म्हणून आई हरखली. नळी गेली म्हणून मिलीताईने कपाळाला हात लावला. दोघींचंही बरोबर होतं. चिकटणारी पिशवी लावून पाहिली, तर जुलाबापुढे ती पाच मिनिटं टिकेना. जागा सुजली होती, लगेच पुन्हा नळी नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा कापसाचा बोळा.

दोन वाजता दुसरा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन एक पॉइंट तीन. पोटॅशियम पाच पॉइंट नऊ, अजून थोडं चढलं तर हृदयाचा ठोका बिघडवणारं. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळातल्या वरिष्ठांना फोन लावला. तिथे पोटात नळी घालून रक्त धुण्याची सोय होती. पाच वाजता ॲम्ब्युलन्स निघेल, तीन तासांचा रस्ता.

"वाटेत काही झालं तर?" आईने विचारलं.

डॉक्टरीणबाई खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या. "मी बरोबर येईन," एवढंच म्हणाल्या. "पाचच्या आत लघवी झाली, आणि पुरेशी झाली, तर नेणार नाही."

मिलीताईची ड्यूटी दोनला संपली. दुपारच्या नर्सने तक्ता घेतला तरी ही गेली नाही. घरून फोन आला.

"जेवायला थांबू का?" नवऱ्याने विचारलं.

"नको."

"पाण्याची दुसरी रेघ झाली माझी."

"बरं."

"म्हणजे गंभीर आहे," नवरा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुढचे अडीच तास तिने चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. औषधांचं कपाट मागून पुढे आणि पुढून मागे लावलं. दर दहा मिनिटांनी कापूस बघितला. दुपारची नर्स शेवटी म्हणाली, "मिलीताई, बघत राहिलं की ती लाजते." तीनला कापूस कोरडा. साडेतीनला कोरडा. चारला एका टोकाला ओला वाटला. ती खिडकीपाशी घेऊन गेली. वडिलांच्या चमच्यातलं पाणी सांडलं होतं, कागदावर तशी नोंदही होती: 'एक चमचा, अर्धा सांडला.'

साडेचारला डॉक्टरीणबाईंनी निघण्यापूर्वीचं वजन करायला सांगितलं, अंगात पाणी साचतंय का ते कळावं म्हणून. मिलीताईने भिंगरीचा डायपर काढला, तिला छातीशी उचललं आणि कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडे चालायला लागली. सहा नंबरपासून काट्यापर्यंत चौदा पावलं. नवव्या पावलाला ती थांबली.

पोटाशी ऊब पसरत होती.

ती हलली नाही. सकाळपासून जिची वाट पाहिली ती गोष्ट घडत होती, आणि घडत होती अशा ठिकाणी जिथे ना बाटली, ना पिशवी, ना कापूस. भिंगरीने शांतपणे तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"झाली!" वडील ओरडले. "ए, झाली! डॉक्टर, झाली हो!"

डॉक्टरीणबाई फोन कानाला लावूनच धावत आल्या. पलीकडे वरिष्ठ होते. त्यांचा खर्जातला आवाज सगळ्यांना ऐकू आला, "झाली म्हणजे किती?"

सगळ्यांनी मिलीताईकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न उलट्या दिशेने आला होता. 'बरीच' असं म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. दाराशी स्ट्रेचर येऊन उभं होतं.

"धरा हिला," ती आईला म्हणाली. पाठीमागची गाठ सोडून तिने ॲप्रन काढला. आतला सदरा चाचपला, तो कोरडा होता. फरशीवर बघितलं, थेंब नव्हता. ॲप्रनची घडी करून तिने डायपरच्या काट्यावर ठेवला आणि दुपारच्या नर्सला म्हणाली, "माझ्या कपाटात दुसरा आहे, धुतलेला. पळ."

कोरडा दोनशे शहाण्णव ग्रॅम. ओला चारशे चौदा.

"एकशे अठरा!" वडिलांनी वजाबाकी आधी केली. "एकशे अठरा मिली!" डॉक्टरीणबाईंनी फोन तोंडाजवळ नेला.

"थांबा," मिलीताई म्हणाली. "खिशात कात्री आहे."

कात्री निघाली. पेन निघालं. चिकटपट्टीचं रिंगण निघालं, आणि सकाळचा तो कोरडा कापसाचा बोळा, कागदात गुंडाळलेला. काटा उतरत गेला, वडिलांचा चेहरा काट्याबरोबर उतरत गेला, आणि तीनशे अडतीसवर आकडा थांबला.

"बेचाळीस," ती म्हणाली. "साडेबारापासून चार तास. दहा किलोची मुलगी. तासाला साधारण दहा."

मग खर्जातला आवाज म्हणाला, "मोजलं कशात?"

"ॲप्रनमध्ये, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अं? बरं. मग ॲम्ब्युलन्स थांबवा. दोन तासांनी पुन्हा रक्त, आणि दर तासाची लघवी मोजून मला कळवा. शब्दात नको."

तक्त्यावर मिलीताईने स्वतः लिहिलं: ४२ मिली. शेजारच्या रकान्यात लघवी कशात जमा केली ते लिहायचं असतं. तिथे तिने 'ॲप्रन' लिहिलं आणि सही केली.

घरी पोचली तेव्हा साडेसहा झाले होते. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "तू सकाळपासून किती प्यायलीस?" ती उत्तर द्यायला उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की सकाळी सहापासून आपणही गेलेलो नाही. ती घाईने आत गेली. बाहेर आली तेव्हा नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "किती?"

"गप्प बसा."

पण बसवेना तिलाच. दारापर्यंत गेली, परत आली, त्याने शिवायला घेतलेल्या पुस्तकाची पानं उगाच सारखी केली. आठ वाजता तिने वॉर्डात फोन लावला. पाळी सकाळी तक्ता सोपवून गेलेल्या त्याच तेवीस वर्षांच्या नर्सची होती.

"सहा नंबर?"

"ताई, रक्त आलं. पोटॅशियम उतरलंय, पाच पॉइंट चार. क्रिएटिनिन मात्र एक पॉइंट तीनच आहे अजून."

"ते सावकाश येतं मागून. दोन-तीन दिवस घेईल. लघवी?"

"झाली."

मिलीताई काही बोलली नाही. मग चपलांचा आवाज दूर जाताना ऐकू आला, डायपरची चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला, कोणीतरी लहान मूल खणखणीत आवाजात रडायला लागलं आणि काट्याने पीप केलं.

"कापसात सव्वीस, ताई. जुलाब वेगळा."

"लिही," मिलीताई म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून नवऱ्याच्या खुर्चीच्या हातावर, जरा वेळ, टेकली.